उष्ट्या पत्रावळी

कळमनुरीच्या रस्त्यालगतची आमची आमराई आई-वडील लग्नांसाठी द्यायचे. दुष्काळात आसपासच्या विहिरी आटल्या, आमची तेवढी पुरली, तेव्हापासून लोक येऊ लागले. सावली, पाणी आणि चुलीसाठी खणलेले चर एवढं आमचं. मांडव आणि आचारी ज्याचा त्याचा. पंगत उठली की पत्रावळी उचलायला रोजानं लावलेल्या बाया यायच्या. मालकानं परक्याचं उष्टं उचलायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे.

कॉन्व्हेंटचं शिक्षण संपवून मी नुकतीच घरी आले होते. वसतिगृहातल्या मैत्रिणींना वडील शेती करतात एवढंच मी सांगितलं होतं. लग्नांचा विषय मी कधी काढला नाही.

त्या उन्हाळ्यात सेनगावकडचं एक स्थळ माझ्यासाठी चालून आलं. मुलगा कॉलेजात शिकवत होता आणि त्यांना इंग्रजी शिकलेली मुलगी हवी होती. मध्यस्थाबरोबर निरोप आला, तुमच्या मळ्यातल्या लग्नाला आम्ही येणारच आहोत, तेव्हाच मुलगी बघू. आईनं माझी आकाशी साडी इस्त्रीसाठी कळमनुरीला पाठवली.

"ते पोरगी बघायला येऊन राहिले का साडी?" वडील म्हणाले.

"तुमी त्या दिशी अंगात सदरा ठेवा, म्हंजे झालं," आई म्हणाली.

लग्नाच्या दिवशी पहिली पंगत उठली, पण बाया आल्याच नाहीत. त्यांच्या नात्यातही त्याच तिथीला लग्न होतं. दुसऱ्या पंगतीची माणसं उन्हात ताटकळत होती. आईनं पदर खोचून टोपलं घेतलं. वडिलांनी सदरा काढून फांदीला अडकवला. मी आकाशी साडीत घराच्या ओट्यावर बसून हे बघत होते. तिथून हलायचं नाही असं मला बजावलेलं होतं.

मुलाची आई खरकट्यातून लुगडं सावरत आली. मध्यस्थानं ती मला सकाळीच लांबून दाखवली होती.

"ए बाई," ती आईला म्हणाली, "मालकीणबाई कुठं हायत? त्यांची पोरगी बघायला आलो आमी."

आई वाकलेली होती. तशीच, वर न बघता म्हणाली, "घरात हायत. तुमी ओट्यावर बसा, मी धाडते."

ती मागच्या दारानं आत गेली. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज मला ऐकू आला. पाहुणी माझ्या शेजारी बसली.

"तुमच्या शाळेत सैपाक शिकवतात, का निस्तं इंग्रजी?"

"इंग्रजीच," मी म्हणाले.

आई जरीचं लुगडं नेसून, हातात चहा घेऊन बाहेर आली. पाहुणीनं हात जोडले. "या मालकीणबाई." तिनं आईला ओळखलं नव्हतं. पत्रावळी उचलणाऱ्या बाईचं तोंड तिनं बघितलंच नव्हतं.

"तुमच्या त्या कामवालीला सांगा जरा," ती म्हणाली. "वरणाचा थेंब उडवला तिनं माझ्या लुगड्यावर."

"सांगते."

"माणूस धड मिळतच न्हाई आजकाल."

"व्हय. इथं बी तेच," आई म्हणाली.

मी फरशीकडे बघत राहिले.

तेवढ्यात वडील आले. अंगात बनियन, खांद्यावर भरलेलं टोपलं, कोपरावरून वरण ओघळत होतं. "अगं, दुसरी पंगत उभी हाय कवाची. तू काहून बसून राहिली?"

आई उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढून, मान खाली घालून उभी राहिली. वडील चारचौघांत समोर आले की ती असंच करायची. श्वास घ्यावा तसं ते व्हायचं. गड्यासमोर कुठलीच मालकीण असा पदर घेत नाही. पाहुणीनं वडिलांकडे बघितलं, मग त्या पदराकडे, मग आईच्या हाताकडे. बांगड्यांत भाताचं शीत अडकलं होतं.

"पावणे व्हय?" वडील म्हणाले आणि टोपल्यासकट नमस्कार करायला गेले.

"बसा, बसा," ती म्हणाली. कुणीच बसलं नाही. तिनं चहा तसाच ठेवला आणि ती मांडवाकडे गेली. आई जरीच्या लुगड्यातच परत पत्रावळी उचलायला लागली. मी टोपल्याला हात लावला तर तिनं तो झटकला.

पुढे मध्यस्थ सांगत आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

"उष्टं उचललं म्हणून व्हय?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "मी लपले म्हणून."

ती माझ्यासाठी लपली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या दुपारी मला लाज वाटली ती वडिलांच्या बनियनची, त्या शिताची. दुसरी लाज नंतर आली आणि अजून गेलेली नाही.

पुढच्या लग्नाला बाया वेळेवर आल्या. तरीही आईनं मला आतल्या खोलीत बसवलं.

"कुणी इचारलं तर तुला सांगावं लागंल, मी तुझी कोण ते," ती म्हणाली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. कडी लावली नव्हती. मी दार उघडलं नाही.