महिपतीनं आणलेलं दार

डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती घ्या म्हटलं आणि बायकोनं त्याच संध्याकाळी पिशवी भरून मला बारामतीहून पळसदेवला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, अनिताकडे धाडलं. बायकोचा उत्साह जरा जास्तच होता, असो. आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवलेल्या माणसाला विश्रांती जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावातली दारं-खिडक्या बघत हिंडायला निघालो आणि रामहरीच्या घरापुढे थबकलो.

घर तीन खोल्यांचं, वर पत्रा. त्याला दार मात्र नऊ फुटी, सागवानी, दोन कवाडांचं, लोखंडी खिळ्यांच्या रांगा मारलेलं. ते बसावं म्हणून पुढचा पत्रा उचलून घेतलेला. सांध्यात नख शिरत नव्हतं. असं काम मी कधी केलं नाही आणि कुणाला करताना पाहिलंही नाही. मी दाराला हात जोडले, खरंच जोडले.

"मागनं या," आतून आवाज आला. "त्ये दार उघडत न्हाय."

रामहरी पंचावन्नचा असेल. उजनीच्या पाण्यात मासे धरतो, उन्हाळ्यात पर्यटकांना होडीतून जुनं देऊळ दाखवतो. त्याच्या घरची माणसं, पाहुणे, झाडून सगळे म्हशीच्या गोठ्यातून मागच्या दारानं ये-जा करतात. पुढच्या दाराला आतून आडवी फळी ठोकलेली आणि तिला टेकून कॉट. मी कॉटवर चढून, कवाडं ज्यांवर फिरतात ते वरचे खुंट बघितले. लोखंडी कड्यात बसवलेले, धडधाकट होते. रामहरीची बायको भागूबाई माझ्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

दुपारी जेवताना अनितानं सांगितलं. धरण भरायच्या आधी जुनं गाव उठलं, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या घराची दारं, तुळया, वासे सोडवून बैलगाडीनं नव्या गावठाणात आणले. रामहरीचा बाप महिपती, घरचे त्याला तात्या म्हणत. त्याच्या जुन्या घराला दार म्हणून नुसतं काटक्या-तुराट्यांचं झाप होतं. त्यानं इनामदारांच्या वाड्याचा दरवाजा आणला. मालकांनी दिला, असं तो सांगायचा. पण मालक शहरात गेले आणि वर्षभरात वारले. विचारायचं कुणाला? सगळ्यात मोठं दार सगळ्यात लहान घराला लागलं, हे गावाला पचलं नाही. दारचोर महिपती हे नाव पडलं ते कायमचं. पारावर रोज कुणीतरी विचारायचं, "काय म्हयपती, आता किल्ला कवा आणतुयास?" आधी थट्टा होती, मग ती मुरली. एक दिवस महिपतीनं दाराला फळी ठोकली.

यंदा पाणी इतकं उतरलं होतं की वाडा पार पायथ्यापर्यंत उघडा पडला होता. मी रामहरीला म्हटलं, मला तिकडे न्या.

"मी वाड्याकडं जात न्हाय, सर."

"का?"

तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. "तितं गेल्यावर चोरीचं खरंच निघालं, तर म्या काय करू?"

माझी जीभ वाईट. मी म्हटलं, "मग जन्मभर गोठ्यातूनच ये-जा करा." बोललो आणि रात्रभर मनाला खात राहिलं. पण सकाळी तो होडी घेऊन अनिताच्या शेताच्या काठाला हजर होता.

होडी गाळात टेकली तिथून पुढे चालत गेलो. भेगाळलेली जमीन, शिंपले, आणि एकदम समोर वाडा. घडीव काळे दगड, एकावर एक, आकाशापर्यंत गेलेत असं वाटावं इतके उंच. पन्नासेक वर्षांत किती वेळा पाण्याखाली गेले, किती वेळा उन्हात आले, पण कोपऱ्यातला एकही हललेला नव्हता. मी त्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला असता तर आपला गुण्याच चुकीचा आहे असं समजलो असतो. आत चौक, चौकात हौद, आणि जिन्याची प्रत्येक पायरी मधोमध पावलांनी झिजलेली. ज्या हातांनी हे केलं त्यांच्यापुढे माझी तीस वर्षं म्हणजे पोरखेळ, हे मला तिथं कळलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही. रामहरीनं चिखलातच चपला काढल्या होत्या. मीही काढल्या.

मग आम्ही महाद्वाराशी आलो. रामहरी पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

जुन्या दारांना बिजागरी नसते. कवाडाच्या वर आणि खाली लाकडाचा खुंट असतो, तो दगडातल्या खळग्यात फिरतो. वरची शिळा उचलल्याशिवाय कवाड निघत नाही. चोराला एवढा वेळ नसतो, तो करवतीनं खुंट कापून मोकळा होतो. इथं चौकटीवरची शिळा जागेवर नव्हती. मी शोधायला लागलो. ती बाजूच्या ओट्यावर होती, निम्मी गाळात, कडा फुटू नयेत म्हणून खाली दगडाचे तुकडे सरकवून ठेवलेली. तिच्यावरचे भिंतीचे दगडही शेजारी ओळीनं रचलेले.

"रामहरी, इकडे बघा," मी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं. "तुमच्या दाराचे खुंट शाबूत आहेत. ही शिळा टनभर तरी असेल. दोर, पहारी, लाकडाचे घोडे आणि दहा माणसं लागली असणार. कमीत कमी. दिवसभराचं काम आहे हे, सगळ्या गावादेखत. मालकांनी दिल्याचा कागद माझ्याकडे नाही, पण चोरी अशी होत नाही."

त्यानं शिळेवरचा गाळ हातानं पुसला. बराच वेळ पुसत होता.

"धा माणसं?"

"हो."

"म्हंजी पारावर बसणाऱ्यांला समद्यांला ठावं हुतं."

त्याला राग यावा असं मला वाटत होतं, मला तर त्या पारावरच्यांचा आलाच होता. तो मात्र उंबऱ्यावर बसला.

"मलाबी वाटायचं, आणलंच आसंल चोरून," तो म्हणाला. "तात्या गेला, तवा लोक म्हणले, रामहरी, फळी काढ, म्हाताऱ्याला पुढच्या दारानं न्हेऊ. मीच न्हाय म्हणलो. म्या माझ्या बापाला गोठ्यातनं भाईर काढला, सर."