एकोणतिसातला तीन

अमरावतीच्या सरकारी शाळेत मी पंतोजी म्हणून लागलो, तेव्हा कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. गाड्यांची रांग पेठेतून थेट शाळेच्या दारापर्यंत यायची आणि उडालेला कापूस पोरांच्या धूळपाट्यांवर येऊन बसायचा. पोरं तो फुंकायची. फुंकरीबरोबर पाटीवरची धूळ उडायची आणि धुळीत बोटानं काढलेले आकडेही जायचे. मग मी ओरडायचो. स्वभाव आधीच तापट, त्यात हे रोजचं.

माझ्याकडे अगदी लहान पोरांचा वर्ग होता. वेचणीच्या दिवसांत तो निम्मा रिकामा व्हायचा, कारण घरच्यांना शेतात हात हवे असायचे. शेवटी वरून हुकूम आला. अकोल्याहून तपासनीस येतील. पोरांना शंभराच्या आतले आकडे लिहिता आले तर वर्ग राहील, नाहीतर बंद. वर्गाबरोबर माझी नोकरीही जाणार होती, आणि मोर्शीला थोरल्या भावाच्या दारी परत जाऊन त्याची बोलणी खायची माझी बिलकुल तयारी नव्हती.

तोंडानं पोरं पक्की होती. एकापासून शंभरापर्यंत डोलत डोलत एका दमात म्हणायची. लिहायला सांगितलं की घोळ. एकोणतीस म्हटलं की सगळा वर्ग ३९ लिहायचा. मी एकंचं घर, दहंचं घर अशा रेघा आखून दिल्या, घसा कोरडा केला, पण ते ३९ काही हटेना. एक दिवस भाजी पिकवणाऱ्या घरातल्या एका पोराला मी दरडावून विचारलं, "अरे, तीन आला कुठून?"

"तुमीच तर तीस म्हणून राहिले, पंतोजी," तो म्हणाला. "तोंडानं तीस म्हणता अन् दोन लिवा म्हणता. असं काहून?"

मी छडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. पोरगं खरं बोलत होतं. एकवीस, बावीस करत अठ्ठावीसपर्यंत आपण विसाचं नाव घेतो आणि एकोणतीसला एकदम तिसाचं. जन्मभर तो शब्द माझ्या तोंडात होता, पण तो इतका लबाड आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणवल्या. कुणाच्याही घरी जळणासाठी त्या रचलेल्या असतच. काड्या मोडून पोरांकडून दहा-दहाच्या जुड्या बांधून घेतल्या, सूत घट्ट आवळून. तिसासाठी तीन जुड्या मांडल्या आणि त्या पोराला म्हटलं, "आता यातली एक काडी मले दे."

त्यानं ओढून पाहिली. काडी येईना.

"गाठ सोडा लागते, पंतोजी."

"मग सोड."

गाठ सुटली तशा काड्या जमिनीवर पसरल्या. एक माझ्या हातात आली. राहिल्या दोन बांधलेल्या जुड्या आणि नऊ सुट्या काड्या. पोरगं खदखदून हसलं. "एका काडीपायी अख्खी जुडी मोडली!" तेव्हापासून एकोण ऐकलं की आधी गाठ सोडायची, असं वर्गाचं ठरून गेलं.

तपासनीस आले ते पुण्याकडचे, कडक इस्त्रीच्या चेहऱ्याचे. त्यांनी आल्या आल्या सगळ्या काड्या बाहेर ठेवायला लावल्या आणि मला गप्प बसायची ताकीद दिली. मग म्हणाले, "लिहा. एकोणसाठ."

एकही बोट पाटीला लागेना. इतक्यात सगळ्या वर्गानं हात वर केले आणि हवेतल्या हवेत गाठी सोडायला सुरुवात केली.

"हा काय प्रकार आहे?" तपासनीसांनी विचारलं.

पाट्या पुढे आल्या. ५९, ५९, ५९. एकानं ६९ लिहिले होते, ते शेजाऱ्यानं कोपरानं पुसून टाकले.

तपासनीसांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी त्याच भाजीवाल्याच्या पोराला पुढे बोलावून नव्याण्णव लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं. "आता यात एक मिळव आणि लिहून दाखव."

हुकूम शंभराच्या आतला होता, म्हणून मी दोनच घरं शिकवली होती.

पोरगं पाटीकडे पाहत पुटपुटलं, "सुट्या धा झाल्या, जुडी बांधली. आता जुड्याबी धा झाल्या." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओठ दातांखाली धरून बसलो. "मंग भारा बांधा लागते," तो म्हणाला. दहंच्या घराच्या डावीकडे त्यानं बोटानं आणखी एक घर आखलं, त्यात एक लिहिला आणि उरलेल्या दोन्ही घरांत पूज्य काढलं. "इथं आता कोणीच नाई."

तपासनीस पाटीवर वाकले. "हे तिसरं घर तुम्ही शिकवलंत?"

"नाही, रावसाहेब," मी म्हणालो. "ते त्यानंच आत्ता बांधलं."