पांढऱ्या पट्टीतलं तपकिरी

मेमे लुंदुप, गावाचे विणकर आजोबा, उद्या सकाळी गोठलेली नदी ओलांडून पलीकडच्या गावात जाणार आहेत, आणि ती काळजी काही केल्या मनातून जात नाही.

हिवाळा लागला की ते पाठीवर माग बांधून घरोघर फिरतात. लोकर आम्ही बायकांनी कातून ठेवायची, कापड त्यांनी विणायचं. माझी तिन्ही मुलं त्यांच्याच कापडाच्या अंगरख्यांत वाढली. वयाची बहात्तर उलटली, बायको गेली, मुलगा लेहला. पण जीभ तशीच. माझ्या थुक्प्याच्या सुपाचा घोट घेऊन, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणतात, "नोमो, पाणी छान तापवलंयस. यात काही टाकणार आहेस का?"

यंदाही माग घर उबवणाऱ्या बुखारीशेजारी लागला. परवा पाहिलं तर पांढऱ्या पट्टीत वीतभर तपकिरी विणलेलं. टोपलीत दोन्ही रंगांचं सूत मिसळलं होतं, ती चूक माझी. पण त्यांना दिसायला हवं होतं.

"मेमे-ले, ही नवी नक्षी का?"

त्यांनी कापडावरून बोट फिरवलं. "वीण तर घट्ट आहे."

"रंग म्हणते मी."

 ते शांतपणे तेवढा भाग उसवायला लागले.

"कापड बोटांना दिसतं," शेवटी म्हणाले. "डोळ्यांचं कुणाला सांगू नकोस. कळलं तर लोकर कोण देईल? आणि मुलगा मला लेहला नेऊन हीटरपुढे बसवेल."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा ओतला.

कापड बोटांना दिसतं, पण बर्फ? निळ्या बर्फावर पाय टाकावा, करड्या, ओलसर बर्फावर टाकू नये. ते काठी आपटून आवाज ऐकतात, हे खरं. पण काल दुपारी ऊन चढलं तेव्हा काठाचा बर्फ तडकताना मी घरातून ऐकला. आणि तपकिरी-पांढऱ्यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला करडा काय कळणार?

आज जेवताना म्हटलं, "मी येते सोबत."

"मी काय नवरी आहे, पोचवायला? आणि तू लेहच्या कॉलेजात शिकलेली. आधी तुलाच कुणीतरी धरायला लागेल."

ते मात्र खरं आहे. मला बर्फ कळत नाही. नवरा सैन्यात, दूर चौकीवर. थोरली मुलगी म्हणते, "आमा, तुला काळजी करायला कुणीतरी लागतंच." लागतं. म्हणून काय झालं?

उजाडण्याआधी ते निघतील, बर्फ कडक असतो म्हणून. पलीकडे कुन्झेसच्या घरी त्यांचा पुढचा मुक्काम. तिचा नवरा जन्मभर ही नदी चालत आलाय. तिला सांगायचं, तर डोळ्यांचंही सांगावं लागेल. मेमे माझ्याशी बोलायचे नाहीत, कदाचित पुढच्या हिवाळ्यात इथे यायचेही नाहीत. न येऊ देत.

पहाटे चारला कुन्झेस चूल पेटवायला उठते. तेव्हा फोन करणार. नवऱ्याला आमच्या काठावर पाठव, सांगणार. आणि मेमेंना लोकर दे, पण एकाच रंगाची.