सगळी वाक्यं माझीच

इनामदार सर गेल्याचं मला घोडेगावात कळलं. आताच्या शाळेच्या एका कागदावर सही हवी होती म्हणून पंचायत समितीत गेलो होतो. साहेब जेवायला गेलेले, मी बाहेर बाकावर बसून होतो. तेवढ्यात जुन्नरहून सरांच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. “काका, अब्बा सकाळी गेले. मय्यत दुपारच्या नमाजनंतर आहे.” मी बरं म्हणालो. लगेच उठलो असतो तर जुन्नरला वेळेत पोचलो असतो. पण साहेबांची वाट पाहिली, सही घेतली आणि मगच उठलो. पोचलो तेव्हा माणसं कबरस्तानातून परतत होती. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे तेही याच जातीचं आहे.

नव्वदच्या सुमाराला जुन्नर तालुक्यातल्या एका हायस्कुलात आम्ही दोघे होतो. सर इंग्रजी शिकवत, मी भूगोल. सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. जुन्नरच्या एका बोळात दोन खोल्यांचं घर, पत्नी शिवणकाम करायची, एकुलती मुलगी. रोज सकाळच्या एसटीने येत, हातात एक लांबट रजिस्टर. इंग्रजीत एका क्रियापदाला छोटासा शब्द चिकटतो आणि अर्थ पार तिसरीकडे जातो, त्यावर सरांचा फार जीव. ते म्हणत, “कॉल म्हणजे बोलावणे, ऑफ म्हणजे बंद. दोन्ही जोडा, काही हाती लागणार नाही. घरात काय घडलं ते सांगा, मग लागेल.” म्हणून त्यांचा दंडक असा होता की, नवं क्रियापद शिकवलं की दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरात खरोखर घडलेली एक गोष्ट आणायची. पुस्तकातलं वाक्य आणलं तर उभं राहायचं. पोरं चिठ्ठीवर मराठीत लिहून आणत. सर चिठ्ठ्या गोळा करून वाचत, आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिताना ते वाक्य कुणाचंही असो, स्वतःचं करून लिहीत. कुणाच्या चुलत्याने बिडी सोडून पुन्हा धरली, तर फळ्यावर ‘मी बिडी सोडली होती, पुन्हा धरली.’ कुणाच्या आईचं पीठ संपलं, तर ‘माझ्या बायकोचं पीठ संपलं.’ वर्षभरात सरांच्या घरी तीन म्हशी आटल्या, दोन इंजिनं बंद पडली आणि सासरे चार वेळा रुसून गेले. पोरं मुद्दाम विचारायची, “सर, म्हैस आटली का परत?” सर गंभीरपणे म्हणायचे, “आटली रे. लई नुकसान झालं.” आणि वर्ग हसून लोटपोट.

आम्ही स्टाफरूममध्येही हसायचो. मला ती सरांची गंमत वाटायची. गंमतच, दुसरं काही नाही... त्याआड पोरांची घरं झाकली जातात हे माझ्या डोक्यात आलं नाही, ही माझी पहिली चूक.

एका शुक्रवारी सरांची रजा होती आणि त्यांचा नववीचा शेवटचा तास माझ्याकडे आला. आदल्या दिवशी त्यांनी ‘कॉल ऑफ’ शिकवलेलं. एखादी ठरलेली गोष्ट आपणहून रद्द करणे. पोरांनी चिठ्ठ्या आणल्या होत्या. माझं इंग्रजी बेताचं, पण म्हटलं आपणही लिहून दाखवू. सुरेखा नावाच्या मुलीची चिठ्ठी वर होती : माझ्या बापूंनी ताईचं लग्न मोडलं. मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘माय फादर कॉल्ड ऑफ माय सिस्टर्स वेडिंग.’ बरोबर जमलं म्हणून मला बरं वाटलं. वर “हे सुरेखाचं वाक्य” असंही बोललो. शाबासकी द्यायची म्हणून. वर्ग हसला नाही. सुरेखा पाटीकडे बघावं तशी बाकाकडे बघत राहिली.

सुरेखाचे बापू म्हणजे गावाचे तात्या, शाळेच्या स्थानिक समितीत होते. गावात त्यांनी सांगितलं होतं की लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. दुसरं स्थळ सांगून आलं म्हणून तात्यांनीच मोडलेलं, हे घरातल्या चौघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि त्या मुलाचा भाचा त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होता.

शनिवारी सकाळी मुलाकडची माणसं तात्यांच्या दारात आणि तात्या शाळेत. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहिलं, एवढंच भाच्याने घरी सांगितलेलं; सर रजेवर होते हे तात्यांना माहीत नव्हतं आणि मुख्याध्यापकांनी काढलं नाही. फळा कुणी पुसलेला नव्हता. मुख्याध्यापक, तात्या आणि इनामदार सर नववीच्या वर्गात उभे होते. मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून दाराशी. रजेवरून आलेल्या सरांना अजून काही माहीत नव्हतं.

“मास्तर, आमच्या घरचं लगीन तुमाला फळ्यावर कशाला पायजे व्हतं?” तात्या म्हणाले. “आन ती पोरगी... तिला उद्यापासनं शेतात धाडतो. लई शिकली.”

सरांनी फळ्याकडे एकदा पाहिलं. माझं अक्षर डावीकडे कलतं, आणि त्या वाक्यात दोन एफ शेजारी शेजारी होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अजिबात नाही.

“वाक्य माझं आहे, तात्या,” ते म्हणाले.

“तुमचं? तुमाला भैन तरी हाय का?”

“सगळी वाक्यं माझीच असतात. पोरांना विचारा. माझ्याकडं तीन म्हशीही आहेत.” मुख्याध्यापक हसणार होते, पण थांबले. सर पुढे म्हणाले, “मी मुलाकडच्यांना जाऊन सांगतो, मास्तरनं बनवून लिहिलं म्हणून. माझी बदली करायची तर करा. पोरीची शाळा सोडवू नका.”

तसंच झालं. संस्थेची एक शाळा घोडेगावच्या पलीकडे डोंगरात होती, तिथे सरांना पाठवलं. सुरेखा दहावी पास झाली. आणि त्या सकाळी दाराशी उभा असलेला मी एक शब्द बोललो नाही. नुकताच कायम झालो होतो, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं दिलं. ते खरंही आहे. पण मी कायम नसतो तरी बोललो असतो असं नाही, तेव्हा दुसरं कारण निघालं असतं.

सर सात वर्षं त्या डोंगरात राहिले. आठवडाभर एका भाड्याच्या खोलीत, शनिवारी दुपारी दोन एसट्या बदलून जुन्नर. शबाना त्या वर्षांत मोठी झाली, तिला अब्बा रविवारपुरतेच मिळाले. एकदा मी तिथे गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. सरांनी स्टोव्हवर कोरा चहा ठेवला. म्हणाले, “दूध संपलंय. रन आउट ऑफ मिल्क. इतक्या वर्षांत स्वतःचं पहिलं खरं वाक्य!” मी हसलो. चहा संपला. मी म्हणालो, “सर, ते त्या दिवशी...” ते कप विसळत होते. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, “भाऊ, तुमचा तो एफ जरा सुधारा. लांबून ओळखू येतो.” आणि मला एसटीपर्यंत सोडायला आले. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि आता मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. मी खिडकीतून हात हलवला. पुन्हा गेलो नाही.

सर गेल्यावर महिन्याभराने तात्यांकडे गेलो. आता त्यांचे पाय धरलेत, ओट्यावरच असतात. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मंग तवाच का न्हाई बोलला राव? म्या त्या मास्तरला उगीच...”   चहा घ्या म्हणाले नाहीत, ते बरंच झालं.

तिथून जुन्नरला शबानाकडे गेलो आणि तिलाही तेच सांगितलं. ती आत गेली आणि सरांचं लांबट रजिस्टर घेऊन आली. “तुम्हीच न्या. इथं कोण वाचणार?” एवढंच म्हणाली.

ते आता माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक पानावर डावीकडे चिठ्ठी आणणाऱ्या पोराचा हजेरी क्रमांक, मधे मराठी, उजवीकडे ‘मी’ नाहीतर ‘माझं’ने सुरू होणारं इंग्रजी. ‘कॉल ऑफ’च्या पानावर सरांनी नंतर कधीतरी लिहिलंय, ‘आय कॉल्ड ऑफ माय सिस्टर्स वेडिंग.’ मधल्या रकान्यात मराठी नाही. डावीकडची चौकटही मोकळी आहे. पूर्ण रजिस्टर चाळलं, दुसरी मोकळी चौकट सापडली नाही. सुरेखाचा क्रमांक ते तिथे लिहू शकले असते.

काल शाळेतून आलो आणि त्या चौकटीत माझं नाव लिहिलं. अक्षर अजून डावीकडेच कलतं.