सुनेची गाडी आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्याइतका डोक्याला ताप देणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशी माझी इच्छा आहे. मी फार शिकलेला नाही. तिसरीत मास्तरांशी भांडलो आणि पाटी घरी आणली ती परत नेली नाही. पण माणूस ओळखायला पाटी लागत नाही. हा मला सोयरिकीच्या बैठकीतच कळला होता. मुलीच्या बापानं त्या दिवशी जरा खालच्या आवाजात बोलावं, पुढे आलेला चहा घ्यावा, अशी आपल्याकडची रीत. हा पारगावचा गडी ओसरीवर बसायच्या आधी माझ्या गोठ्यात शिरला. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, एकाचं तोंड उघडून दात बघितले आणि बाहेर येऊन भर बैठकीत म्हणाला, "पाव्हणं, डाव्या बैलाचं वय तुमाला कुणीतरी चोरून सांगितलंय." बैल माझा, गोठा माझा, पैसे मी मोजलेले आणि हा सांगणार! तिथंच सोयरीक मोडणार होतो. पण पोरगी डी.एड. झालेली, धीट, डोळ्यात डोळा घालून बोलणारी. तिच्याकडं बघून राग गिळला. तेव्हापासून गिळतोच आहे.

बैलांची पारख हाच त्याचा धंदा आणि तेच त्याचं वेड. पारगावला साखर कारखाना आहे. हंगामात ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली की हा त्या रांगेतून नुसता हिंडत राहायचा, कुणाच्या बैलाची मान बघ, कुणाच्या खुराला हात लाव, गाडीवानाला शिव्या दे. पुढेपुढे त्याला चालणारी प्रत्येक वस्तू बैलच वाटायला लागली. एसटीत चढायच्या आधी हा तिला फेरी मारणार, टायरला लाथ घालणार आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे निरखून बघणार. ड्रायव्हर ओरडायचा, "म्हाताऱ्या, चढतो का जाऊ?" तर हा विचारायचा, "झोप झालीय का तुझी? मग चढतो." लग्नात तर त्यानं माझी इज्जतच घालवली. नवरदेव मिरवायला मी मुद्दाम जुन्नरहून पांढरं घोडं आणलं होतं. जनावर बुजरं आहे का हे बघायची याची एक रीत होती, एकदम पुढे जाऊन फाडकन छत्री उघडायची. ती त्यानं माझ्या घोड्यापुढे उघडली. घोडं मागच्या पायांवर उभं राहिलं, बँडवाले पांगले. हा शांतपणे छत्री मिटत म्हणाला, "माझा जावई ह्याच्यावर बसणार न्हाई." माझा पोरगा मांडवापर्यंत पायी गेला आणि मोकळं घोडं त्याच्या मागून चाललं. गावातले लोक अजून विचारतात, "आबा, लग्न कुणाचं व्हतं?"

सूनबाईला नोकरी लागली ती घाटघरच्या शाळेत. मुलगा चाकणला कंपनीत, यायचा रविवारी. तिकडं नाणेघाटाच्या अंगाला एसटी येईल तेव्हा येणार, म्हणून ती वडापच्या जीपनं जायची. जीपमध्ये माणसं कोंबलेली, उरलेली मागे लोंबकळणारी. एका संध्याकाळी ती लंगडत घरी आली. मागच्या फळीवरून पाय निसटला होता, दोन्ही गुडघे सोलवटले होते. मी तिथल्या तिथं सांगितलं, आता आपली गाडी घ्यायची आणि तू चालवायला शिकायचं. हे मी सांगितलं, कुणाच्या सल्ल्यानं नाही. तिनं कच्चं लायसन काढलं. कुठली गाडी घ्यायची तेही माझं ठरलेलं होतं. नारायणगावला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठच्या मैदानात एक जीप उभी होती. उंच, रुंद, दणकट. गावात शिरली की चार माणसांनी उठून उभं राहावं अशी.

सुनेला घेऊन मी मैदानात गेलो तर हा माणूस आधीच तिथं हजर. जीपची चाकं लाथाडत होता.

"व्याही, तुमाला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. म्हणून तर लवकर आलो."

सूनबाई जीपमध्ये बसली. अंगानं लहानखुरी. क्लच दाबायला तिला सीटच्या कडेवर यावं लागत होतं आणि स्टिअरिंग फिरवायला अख्खं अंग टाकावं लागत होतं. मी म्हटलं, होईल सवय. तेवढ्यात हा जीपच्या तोंडापुढे गेला आणि धोतर सावरून खाली उकिडवा बसला.

"पोरी, मी दिसतो का?"

"नाही, दादा."

"आन शाळा सुटल्याव तुजी पोरं कुठं उभी ऱ्हात्यात?"

 सूनबाईनं किल्ली फिरवून जीप बंद केली. शेठ माझ्याकडे बघायला लागला, शेठचा नोकर बघायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "पोरगी आता आमची हाय. तिनं कशात बसायचं ते आमी ठरवू."

"तुमचीच हाय की! म्हणून तर तुमाला सांगतोय. माझी असती तर सांगत बसलो नसतो, घेऊन दिली असती."

 मी पाठ फिरवून उभा राहिलो. तोवर त्यानं कोपऱ्यातली एक पांढरी छोटी गाडी काढायला लावली. खेळण्यातली म्हणावी एवढीशी. त्यानं तिचे पट्टे हिसडून बघितले, दारं आपटून बघितली, पुढे उकिडवा बसून आपलं डोकं दिसतं का ते विचारून घेतलं. मग लेकीला म्हणाला, मैदानात एक चक्कर मार. शेजारी शेठचा ड्रायव्हर बसला. गाडी हळूहळू कडेच्या लिंबाच्या झाडापर्यंत आली आणि हा शहाणा खोडाआडून उडी मारून पुढे आला आणि गाडीच्या तोंडावर त्यानं छत्री उघडली. शेठ ओरडला, मी ओरडलो. गाडी आचका देऊन जागीच बंद पडली. त्याच्या धोतरात आणि गाडीत वीतभर जागा राहिली असेल. सूनबाई दार लोटून उतरली. बापाला अरे म्हणून न बोललेली पोरगी, पण त्या दिवशी शेठच्या देखत कडाडली, "दादा, मेला असतात ना आत्ता!"

हा हसत होता. "गाडी बी बुजली न्हाई आन पोरगी बी न्हाई," म्हणाला.

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण सूनबाई डोळे पुसून माझ्याकडे आली. "आबा, हीच घ्या. हिच्यात माझे पाय पोचतात," म्हणाली. मी ती गाडी घेतली. हे नीट समजून घ्या, मी सुनेचं ऐकलं. व्याह्याचं ऐकलं असं पारगावात जो कुणी सांगतो तो खोटं सांगतो.

पक्कं लायसन आलं आणि घाटघरला स्वतः गाडी नेण्याचा पहिला दिवस उजाडला. मी पुढे बसलो, घरचा कर्ता म्हणून. हा पारगावहून आदल्या दिवशीच येऊन ठेपला होता, तो मागे बसला. निघाल्यापासून मी म्हणायचो हॉर्न दे, हा म्हणायचा नको देऊ. मी म्हणायचो पुढे काढ, हा मागून किंचाळायचा, थांब! चढणीच्या पायथ्याला सूनबाईनं गाडी बाजूला घेतली.

"आबा, दादा, उतरा."

"का गं?"

"तुम्ही दोघं आहात तोवर मला गाडी ऐकू येत नाही."

माझ्या गाडीतून मला उतरवलं! दोघं रस्त्याच्या कडेला दगडांवर बसलो आणि ती पांढरी गाडी वळणाआड गेली. इंजिनाचा आवाज येत होता, मग बारीक झाला, मग गेला. मी त्याला झाडायला सुरुवात केली. सगळं तुमच्यामुळं झालं, जीप असती तर अशी उतरवायची तिची छाती झाली नसती.  मी त्याला ओळखायला लागलो तेव्हापासून हा पहिल्यांदाच गप्प. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते आणि ओठ नुसते हलत होते.  घरी जावं म्हणून उठलो, पण हा उठेना. मग मीही बसलो. आधी उठून हार कोण मानणार? येणारा-जाणारा विचारायचा, "आबा, गाडी बिघडली का?" मी सांगायचो, "न्हाई. आमाला उतरवलंय."

शाळा सुटल्यावर वरून गाडी आली. केस विस्कटलेले, तोंडावर धूळ, आणि सूनबाई हसत होती. दार उघडून एवढंच म्हणाली, "बसा." आम्ही दोघंही मुकाट्यानं मागे बसलो. उतार संपायच्या आत हा झोपला आणि त्याचं पागोट्यासकट डोकं माझ्या खांद्यावर पडलं. जड डोकं. घर येईपर्यंत खांदा पार बधिर झाला. ढकलून देणार होतो, पण सूनबाई आरशातून बघत होती.

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. जाताना त्यानं मला विचारलं नाही, त्याचाही राग आहेच. परवा मुलानं दुसरी गाडी आणली. लोक आले, रंग चांगला आहे म्हणाले, पेढा खाऊन गेले. कुणी भांडलं नाही, कुणी मला खोटं पाडलं नाही. मला मात्र दिवसभर नुसता राग येत होता, आणि तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस आता पारगावला नाही.