आनंदा सगळ्यांना दिसतो

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कळव्यातल्या आमच्या गल्लीतले लोक जे बोलतात त्यावरही फारसा नाही. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे गल्लीत कोणाचाही सरकारी अर्ज निघाला की तो माझ्याच गळ्यात पडतो. आवडाबाईचाही तसाच पडला.

आवडाबाई आमच्या बिल्डिंगमागच्या बैठ्या घरात राहते. मूळची इथलीच, आगरी. एके काळी सासरची मिठागरं होती. ती सासऱ्याच्याच काळात विकली गेली, पैसे दिरांनी वाटून घेतले, आणि हिच्या वाट्याला ते घर आणि खाडीचा वास आला. ती बाजारात सुकट-बोंबील विकते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याच्याकडे अशी बघते, की ते मुकाट्यानं पिशवी पुढे करतं. मला ती पहिल्यापासून आवडते.

तिचा नवरा आनंदा चार वर्षांपूर्वी होडी घेऊन खाडीत गेला तो परतलाच नाही. होडी काठच्या तिवरांच्या झाडीत अडकलेली सापडली. तो सापडला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद झाली. आवडाबाईनं मंगळसूत्र काढलं नाही, घराच्या दाराला आतून कडी लावायचं सोडून दिलं, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायला लागली, कल्पीचा बापूस कुठं दिसला का.

नाही नाही म्हणून लोक तरी किती म्हणणार? शेजारच्या गंगुबाईला एकदा तिचा चेहरा बघवेना. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत पाठमोरा दिसला, हाक मारेपर्यंत गेला, असं तिनं ठोकून दिलं. त्या दिवशी आवडाबाई पोटभर जेवली. मग गल्लीला सवयच लागली. रिक्षावाल्या प्रभाकरला तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दिसला, कोणाला कल्याणच्या भाजी मार्केटात. ज्याला दिसला त्याला चहा मिळायचा. मी एकदाही असलं काही बोलले नाही. मला चीड यायची. आशेवर माणूस जगतं म्हणतात, पण ही बाई आशेनं वाळत चालली होती.

या वर्षी कल्पीला, म्हणजे कल्पिताला, तिच्या एकुलत्या एका मुलीला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण फीचा आकडा ऐकून आवडाबाई घाबरली. मी तिला समजावलं, घाबरू नकोस, शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेजची फी सरकार भरतं. जातीचा दाखला आहे, गुणपत्रिका आहेत, बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे. राहता राहिला उत्पन्नाचा दाखला. आम्ही तिघी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि अर्जात भराभर माहिती भरत गेलो. एका ठिकाणी मात्र माझा हात थांबला. तिथे प्रश्न होता, वडील हयात आहेत का? खाली दोनच पर्याय होते, हो आणि नाही.

हो म्हटलं तर आनंदाच्या कमाईचा पुरावा हवा आणि त्याची सही हवी. नाही म्हटलं तर मृत्यूचा दाखला हवा, आणि बेपत्ता माणसाला कायदा सात वर्षं मरू देत नाही. आवडाबाई पडद्यावरच्या त्या प्रश्नाकडे टक लावून बघत राहिली. तिला वाचता येत नाही, तरी तिला कळलं होतं.

तहसील कार्यालयात एका भल्या बाईनं वाट दाखवली. पोलिसांचा कागद जोडा, आवडाबाईचं प्रतिज्ञापत्र करा, आणि तलाठ्यानं घरी येऊन पंचनामा केला, नवरा एवढ्या काळात कोणालाच दिसलेला नाही असं पंचांनी लिहून दिलं, तर आईच्या नावानं दाखला निघेल आणि त्यावर अर्ज पुढे सरकेल. अर्जाची मुदत आठवड्यानं संपत होती. पंच म्हणून गंगुबाई, प्रभाकर आणि मी, असं ठरलं. मी त्या दोघांना बजावलं, आता तरी खरं बोला.

तलाठी दुपारी आला. तरुण होता, उन्हानं वैतागलेला. आगरी म्हटल्यावर आधी म्हणालाच, तुम्ही तर जमीनवाले. आवडाबाईनं त्याच्याकडे ती गिऱ्हाइकाकडे बघायची तसं बघितलं, तेव्हा तो गुमान खुर्चीवर बसून लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं पेन गंगुबाईपुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "मी पायलाय त्याला."

मी तिला दंडाला धरून मोरीजवळ नेलं. तूच मला सांगितलं होतंस ना की ते खोटं होतं, असं विचारलं. पहिल्यांदा खोटंच बोलले, ती कुजबुजली, पण नंतर तो खरोखरच दिसायला लागला. गुडघ्यापर्यंत पँट ओली, हातात रिकामी जाळी. थांबतो आणि एकच विचारतो, कल्पीची परीक्षा झाली का.

आम्ही वळलो तर प्रभाकर दाराशी उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. ओली पँट आणि जाळी त्यानंही पाहिली होती. तोच प्रश्न त्यालाही विचारला होता, भर उन्हात, सिग्नलला, रिक्षात वाकून. लोक मला वेडा म्हणतील म्हणून कोणाला बोललो नाही ताई, असं तो म्हणाला. मला त्या दोघांचाही राग आला.

तलाठ्यानं फाइल मिटली. दिसला असेल तर माणूस हयात आहे, आणि हयात असेल तर त्यालाच सहीला घेऊन या, असं म्हणून तो उठला. कल्पिता आतल्या दारात उभी होती. तिच्या वर्षाचं वाटोळं आमच्या डोळ्यांसमोर होत होतं.

तेव्हा आवडाबाई बोलली.

"सगल्यांना दिसला. मनाच नाय दिसला." ती तलाठ्याशी बोलत होती, पण बघत होती उघड्या दाराकडे. "दाराला चार वर्सां कडी नाय लावली. जिता असता तं पयला घरान आयला असता. लिवा साहेब, तो नाय."

तलाठी पुन्हा बसला आणि त्यानं फाइल उघडली. मग तिनं गंगुबाईच्या हातात पेन दिलं. गंगुबाईनं सही केली, प्रभाकरनं केली, शेवटी मी केली. माझ्यापुरतं तरी ते खरंच होतं. तलाठी गेल्यावर आवडाबाईनं उठून दाराला कडी लावली. इतक्या वर्षांनी लावलेली ती कडी गंजून घट्ट झाली होती, ती तिला दोन्ही हातांनी दाबावी लागली.

दाखला वेळेत आला, अर्ज मुदतीत गेला आणि मंजूरही झाला. कल्पिता कॉलेजला जायला लागली. आवडाबाईनं त्या दिवसापासून कोणालाच काही विचारलं नाही, आणि कोणी तिला काही सांगितलं नाही. गंगुबाईला आणि प्रभाकरला तो पुन्हा दिसला नाही, म्हणजे तसं ते म्हणतात.

नवरात्रात मी ठाण्याला गेले होते. टेंभी नाक्यावर भर दुपारी हार घेत उभी होते. रस्ता कोरडा ठणठणीत. शेजारी कोणी येऊन थांबलं म्हणून खाली पाहिलं, तर गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट आणि हातात रिकामी जाळी. मी वर बघायला घाबरले. चार वर्षं न ऐकलेला आवाज मी ओळखला.

"बाय, कल्पीचं कॉलेज सुरू झालं का?"

"झालं," मी म्हणाले. "फीची सोय झाली."

"बरं झालं," तो म्हणाला. हारवाल्यानं सुटे पैसे परत दिले, ते मी घेतले, आणि वर बघितलं तेव्हा बाजूला कोणी नव्हतं. तिथला रस्ता ओला होता.

घरी येताना मी मागच्या घरावरून आले. आवडाबाई पायरीवर बोंबील निवडत बसली होती. तिनं मला चहाला बसवलं. मी टेंभी नाक्याचं तिला सांगितलं नाही. तो दिसला म्हटलं तर माझी सही खोटी ठरते आणि कल्पिताचं कॉलेज जातं, हे तर आहेच. पण खरी भीती दुसरी होती. तिनं मला एवढंच विचारलं असतं, मग घरी का नाय आला?