पाळणाघराचा रविवार

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी धुतलेल्या गोधड्या दुपारी उलटून टाकत होते. पाळणाघरामागे पाण्याची टाकी आहे, तिच्या कठड्यावर ऊन चांगलं लागतं. पोरांनी ओली केलेली गोधडी नीट वाळली नाही तर पुढचा सगळा आठवडा खोलीला वास मारतो, म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

पाळणाघर भाजे गावात आहे, समाजमंदिरामागच्या एका खोलीत. चालवते एक संस्था. तिचं ऑफिस पुण्यात, तिथल्या मॅडम महिन्यातून एकदा येऊन बघून जातात. मी वलवणहून स्कूटरने येते. पोरांची जबाबदारी माझी. स्वयंपाक आणि झाडलोट गावातल्याच एक मावशी बघतात. सोमवार ते शनिवार उघडं, रविवारी बंद. हा नियम संस्थेचा, आणि तो कुणाला खटकायचं कारण नव्हतं. रविवारी सगळंच बंद असतं, असं आपल्याला शाळेपासून माहीत असतं.

आमच्याकडे येणाऱ्या पोरांपैकी एकाची आई त्या दिवशी जरा लवकर आली. डोंगराच्या पायथ्याला वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, तिथली. वय असेल बावीस-तेवीस. नवरा तळेगावच्या पुढे वीटभट्टीवर असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. ही मुंबईकरांना भाड्याने देतात त्या एका बंगल्यावर झाडलोट, भांडी, चादरी बदलणं असं काम करते. पोरगा आत झोपला होता. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि गोधडीचं एक टोक धरून मला मदत करायला लागली. म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"बाई, त्यो झोळीचा जुना दोर हाय का?"

"आहे. का गं?"

"द्या की. उद्यापुरता."

"झोळी बांधतेस? अडीच वर्षांचा घोडा झालाय तो. फाडून खाली येईल."

"झोळीला न्हाई. त्याला बांधाया."

मी गोधडी खाली ठेवली. ती शांतपणे सांगत होती, जसं कुणी दुकानातून मीठ आणायचं सांगावं. शनिवारी तिला काम दुपारपर्यंतच असतं आणि तेवढा वेळ पोरगा आमच्याकडे असतो. रविवारी आमची खोली बंद, म्हणून ती त्याला बंगल्यावर घेऊन जायची. बंगल्यामागे जांभळीचं झाड आहे, आणि पुढे पाहुण्यांना पोहायला पूल. पोरगा पाण्याकडे धावतो. म्हणून ती त्याच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक जांभळीला बांधायची. दोर झाडाच्या सावलीत सगळीकडे फिरता येईल एवढा लांब होता, आणि पुलाच्या फरशीपर्यंत पोचणार नाही एवढा आखूड.

मावशी आतून भांडी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात काय? भाताच्या आवणीला आमी समदी पोरं झाडाला बांधायचो. म्यां बी बांधलीया. मला बी बांधली व्हती."

"तुमाला ढिली बांधली व्हती वाटतं, मावशी," ती म्हणाली. "तोंड सुटलं ते सुटलंच."

मावशी हसल्या आणि टाकीवर भांडी घासायला बसल्या.

"मग बंगल्यावरचा दोर कुठे गेला?" मी विचारलं.

तो मॅनेजरने काढून टाकला होता. मागच्या रविवारी मुंबईच्या एका पाहुणीने पोराला बांधलेलं बघितलं. तिने त्याला बिस्किटं दिली, त्याचा फोटो काढला, आणि घरी गेल्यावर तो फोटो घालून इंटरनेटवर बंगल्याबद्दल वाईट लिहिलं, एकच तारा दिला. मालकाने मुंबईतून मॅनेजरला फोन करून झापलं. मॅनेजरने आज हिला सांगितलं, उद्यापासून पोर आणायचं नाही. आणि रविवारी यायला जमत नसेल तर तसं सांग, दुसरी बाई तयार आहे.

"ती पाहुणी वाईट नव्हती," ती म्हणाली. "लय वेळ बसली त्याच्यापाशी. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मग उद्या कुठे बांधणार आहेस?"

"घरी. मेढीच्या खांबाला. चूल इझवून जाते, कडी बाहेरनं लावते. शेजारची म्हातारी असती, तिला दिसत न्हाई, पण रडल्यालं आयकू येतं."

"आणि सासू?"

तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. "बाई, रविवारी घरी कोन असतंय?"

कुणीच नसतं, हे मला माहीत होतं. भाज्यात लेणी बघायला पर्यटक येतात, म्हणून रविवार हा कामाचा दिवस आहे. तिची सासू लेण्यांच्या पायऱ्यांशी ताक आणि पेरू विकायला बसते. नणंद हॉटेलात भाकऱ्या थापते. दीर गाड्या लावून देतो. ज्यांच्या अंगणात चार गाड्या मावतात ते अंगण भाड्याने देतात आणि ज्यांच्याकडे घोडं आहे ते घोडं आणतात. ज्या आजीच्या भरवशावर पोर ठेवायचं, तिचाही वेळ रविवारीच विकला जातो. मंगळवारी मात्र गावात सगळे असतात. बंगले रिकामे, पायऱ्या रिकाम्या, बायका दारात बसून एकमेकींच्या उवा काढतात, आणि आमच्या पाळणाघरात जेमतेम तीन-चार पोरं. मॅडम एकदा नेमक्या मंगळवारी आल्या होत्या. हजेरी बघून म्हणाल्या, इथे गरज कमी दिसते.

हल्ली पेपरात कुटुंबाच्या स्वास्थ्याविषयी बरंच छापून येतं. अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरं काढणार, आईबापांनी मुलांबरोबर किती वेळ घालवला तर मुलं कशी होतात, निदान एक वेळ तरी सगळ्यांनी एकत्र जेवावं, वगैरे. मी ते वाचते, माझ्या कामाचं आहे म्हणून. चुकीचं त्यात काही नसतं. फक्त त्या लेखांतल्या घरात जेवणाचं टेबल असतं आणि रविवारी सगळे घरी असतात.

मी दोर दिला नाही. ती रागावली नाही. "न्हाई तर न्हाई," म्हणाली, "साडी हाय घरी." हे खरं होतं. माझ्या दोर न देण्याने त्या पोराच्या रविवारात काहीच फरक पडणार नव्हता. चूल विझवली तरी निखारा राहू शकतो. साडीचा फास मानेशी जाऊ शकतो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, म्हणून मी बोलले नाही. तिला थांब म्हटलं आणि मॅडमना फोन लावला.

मॅडम चांगल्या आहेत. ऐकून घेतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "भयंकर आहे हो. त्या आईचं समुपदेशन करायला हवं."

"समुपदेशन करता येईल. पण उद्या रविवार आहे."

"रविवार आपण मुद्दाम मोकळा ठेवलाय, ताई. मुलांनी एक दिवस तरी आईवडिलांबरोबर असावं म्हणून. कुटुंबाचा दिवस आहे तो."

"इथे कुटुंब मंगळवारी घरी असतं."

"मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. " बुधवारच्या बैठकीत मांडते. तोपर्यंत काही करू नका. एकट्याने तर मुळीच नाही, काही झालं तर जबाबदारी संस्थेवर येते. खोलीत दोन मोठी माणसं हवीतच."

दोन माणसांचा नियम मला मान्य आहे. एक पोर शीला गेलं तर बाकीच्यांकडे कोण बघणार? मी मावशींकडे बघितलं. त्यांनी न विचारताच उत्तर दिलं.

"उघडायचं तर उघडा. म्यां येनार न्हाई. रविवारी माझी कणसं असत्यात." लेण्यांच्या पायऱ्यांखाली त्यांची कणसं भाजायची शेगडी आहे. त्या एका दिवसाच्या कमाईवर त्यांचं घर चालतं, आमच्या मानधनावर नाही. मी आग्रह केला नाही.

पोराची आई ओटीवर बसून सगळं ऐकत होती. तिला मी म्हटलं, "उद्या सातला घेऊन ये."

"उद्या बंद असतंय."

"उद्या उघडीन मी."

ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "एका दिसाचं नको, बाई. उद्या तुमी ठेवून घ्याल. म्यां मॅनेजरला सांगंन, सोय झाली. फुडच्या रविवारी तुमी म्हनाल, पाव्हणे आलेत, पुण्याला जायाचंय. मग म्यां काय करू? त्यो दोनदा न्हाई ऐकायचा. त्यापरीस घरी बांधल्यालं बरं. त्याला सवय व्हईल."

हा हिशेब मी केला नव्हता. मला उद्याचं दिसत होतं, तिला पुढचं दिसत होतं. हो म्हणायचं तर दर रविवार. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि रविवारी घरी येते, सगळ्या आठवड्यात तेवढीच. नवरा तळेगावच्या कंपनीत आहे, त्यालाही तीच सुट्टी. आमच्या घरात पेपरात लिहितात तसा रविवार खरोखर असतो, आणि मला तो आवडतो.

"दर रविवारी उघडं राहील," मी म्हटलं. "मंगळवारी बंद."

"मंगळवारी म्यां घरीच असते."

"म्हणूनच."

"लेखी देताव?" मावशींनी टाकीवरून विचारलं. त्यांना अशा वेळी राहवत नाही.

"तुम्ही आहात की साक्षीला. सगळ्या गावाला सांगाल."

पोरगा उठून डोळे चोळत बाहेर आला. तिने त्याला काखोटीला मारलं आणि निघाली. आभार वगैरे मानले नाहीत. तिचा विश्वास बसला होता असंही नाही. जाताना एवढंच म्हणाली, "सातला कुलूप दिसलं तर म्यां थांबनार न्हाई, बाई. तशीच माघारी जाईन बांधाया."

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो भात कालवत म्हणाला, "दर रविवारी?"

"दर रविवारी. आणि तुम्हीही."

"मी काय करू तिथे? मला पोरं सांभाळता येत नाहीत. आपलीसुद्धा तूच सांभाळलीस."

"सांभाळायची नाहीत. दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचा. बाहेर कुणी निघालं की आत आणायचं."

"आणि आपली लेक येते ती?"

"तिने लोणावळ्याऐवजी मळवलीला उतरायचं. एक स्टेशन आधी. जेवण तिथेच."

"पाळणाघरात?"

"खिचडी असते. पोरं खातात, तुम्हीही खाल."

त्याने मटकीची उसळ वाढून घेतली. "संस्थेने तुला काढलं तर?"

"तर तो पुढच्या रविवारचा प्रश्न."

उसळ संपवून त्याने विचारलं, तिथे चहाची सोय आहे का. म्हणजे येणार होता. मुलीला मी फोन केला. तिने आधी हसून घेतलं, मग म्हणाली, "आई, बाबांना लहान खुर्ची देऊ नकोस, त्यांची पाठ दुखते."

दुसऱ्या दिवशी आम्ही सव्वासहालाच निघालो. नंतर हायवेवर मुंबईच्या गाड्या सुरू होतात आणि मळवलीकडे वळायच्या आधीच रांग लागते. मी स्कूटर चालवत होते, नवरा मागे, मांडीवर डाळ-तांदळाची पिशवी. संस्थेचा शिधा रविवारसाठी वापरायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पोचलो तेव्हा ती खोलीच्या पायरीवर बसली होती. तिच्याबरोबर तिचा पोरगा होता, आणि वस्तीवरची आणखी दोन. ही दोन कुणाची म्हणून मी विचारलं. तिने नावं सांगितली आणि म्हणाली, "त्यांच्या आया बी कामावर गेल्यात. म्यां म्हनलं, बाई न्हाई म्हननार न्हाईत." मी कुलूप काढलं. ती पोरगा माझ्या हातात देऊन बंगल्याच्या वाटेला लागली, आणि तो जो रडायला लागला तो नवऱ्याने पेपरची टोपी करून दिली तेव्हा थांबला.

मग मी मॅडमना मेसेज पाठवला: आज पाळणाघर उघडं आहे, दोन मोठी माणसं हजर आहेत, मंगळवारी बंद राहील. निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर आलं नाही. फोन मी शिंकाळ्यात ठेवून दिला, कारण तिघांतल्या धाकट्याला शी झाली होती. त्याला धुवायला मागे टाकीवर घेऊन गेले.